मुकं जनावर काय सांगतं

क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. अमेरिकेत हार्वर्डला वैद्यकी शिकणारा वॉल्टर कॅनन मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न भरवायचा आणि त्यांच्या जठराची हालचाल पडद्यावर पाहत बसायचा. जठराच्या भिंतीवर एकामागून एक लाटा सरकताना दिसत. मांजर बिथरलं, सुटायला धडपडू लागलं, की त्या लाटा जागच्या जागी थांबत. त्याला कुरवाळलं, ते निवांत झालं, की थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत. हे निरीक्षण १८९८ साली प्रसिद्ध झालं. पुढे १९११ मध्ये कॅनन आणि त्याचा सहकारी डे ला पाझ यांनी मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि त्याआधीचं व त्यानंतरचं रक्त तपासलं. घाबरल्यानंतरच्या रक्तात ॲड्रेनॅलिनचा परिणाम स्पष्ट दिसला. ‘लढा नाहीतर पळा’ ही शरीराची तयारी आज शाळेच्या पुस्तकातही येते. तिचं शास्त्र उभं राहिलं त्यात घाबरलेल्या मांजरांचा आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचा असा थेट वाटा आहे.

ही तयारी मुळात उपयोगाची. मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल रक्तात सोडतात, हृदय जोरात चालतं, स्नायूंकडे रक्त धावतं, पचन थांबतं. धोका टळला की सगळं पूर्ववत. बिघडतं तेव्हा, जेव्हा धोका टळतच नाही, किंवा प्राण्याला तसं वाटत राहतं. मग पचन बिघडतं, रोगाशी लढण्याची ताकद घटते, झोप तुटते, आणि आधी सहज पचणाऱ्या लहानशा आवाजानेही प्राणी दचकू लागतो.

आपल्या घरातल्या मांजराच्या पोटावर क्ष-किरणांचा पडदा लावलेला नसतो. बाहेरून जे दिसतं त्याला आपण आपल्या परीने नावं ठेवतो. पलंगावर शू केली, म्हणजे सूड उगवला. सोफा फाडला, म्हणजे माजला. पाहुण्यांवर गुरगुरला, म्हणजे बिघडला. आणि कोपऱ्यात गप्प बसून राहिला, म्हणजे शहाणा झाला. या चारांतलं शेवटचं नाव मला सर्वांत घातक वाटतं, कारण बाकीच्या तिघांसाठी निदान डॉक्टरांकडे किंवा प्रशिक्षकाकडे फोन जातो. गप्प बसलेल्या प्राण्याचं घरात कौतुक होतं.

गप्प बसणं म्हणजे काय असू शकतं, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६७ साली मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी केलेल्या प्रयोगांतून कळलं. प्रयोग क्रूर होते, आज कोणी तसे करू धजणार नाही. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्याने बाजूची पट्टी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला नेमके तेवढेच झटके बसले, फक्त त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर सगळ्यांना एका पेटीत ठेवलं, जिथे मधली बुटकी भिंत ओलांडली की झटक्यातून सुटका होती. पहिल्या गटातले कुत्रे भिंत ओलांडून गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक थोडा वेळ धावले, मग खाली बसले आणि कण्हत झटके सोसत राहिले. सुटका शक्य आहे हे पुन्हा शिकवण्यासाठी संशोधकांना त्यांना पट्ट्याला धरून अक्षरशः ओढत भिंतीपलीकडे न्यावं लागलं, तेही अनेकदा.

पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मायर आणि सेलिग्मन यांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलाच निष्कर्ष उलटा केला. न संपणाऱ्या त्रासापुढे निपचित होणं हा मेंदूचा मूळचाच स्वभाव आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: माझ्या करण्याने काहीतरी बदलतं. हा अनुभव ज्या प्राण्याला मिळालेला असतो तो पुढचा त्रासही जास्त चांगला पेलतो. या प्रकरणात पुढे येणारे जवळजवळ सगळे उपाय या एका गोष्टीतून निघतात. प्राण्याला दूर जाता आलं पाहिजे, लपता आलं पाहिजे, नको म्हणता आलं पाहिजे, आणि उद्या काय होणार याचा थोडाफार अंदाज असला पाहिजे.

आधी मांजराकडे वळू, कारण त्याचा ताण ओळखणं जास्त अवघड. घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशियात आणि आफ्रिकेत राहणारं, एकट्याने शिकार करणारं छोटं रानमांजर. उंदीर-पाखरं मारणारा हा प्राणी मोठ्या श्वापदांचं भक्ष्यही होता. कळपात राहणाऱ्या प्राण्याला दुखलं-खुपलं तर सोबत असते. एकट्याने जगणाऱ्याला दुखणं दाखवणं परवडत नाही. म्हणून मांजर ताणात आलं की आवाज करण्याऐवजी बहुधा स्वतःला कमी करत जातं: कमी खातं, कमी खेळतं, कमी दिसतं.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यामागे नीट केलेलं निरीक्षण आहे. जागा असुरक्षित वाटली, माणसांची वर्दळ वाढली, की मांजर पिल्लू मानेला धरून दुसरीकडे हलवते. जागा बदलणं हा तिचा ताणावरचा पहिला उपाय आहे. जुन्या वाड्यात तिला माळा होता, कौलं होती, लाकडाची खोली होती, परसातलं झाड होतं. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या दोन खोल्यांत, हा उपायच आपण काढून घेतलेला असतो. जाळी हवीच, खाली पडून मांजरं मरतात. पण जे काढून घेतलं त्याच्या बदल्यात काहीतरी द्यायला हवं, याची आठवण घरच्यांना क्वचित असते.

मांजराची झोपही पाहायला शिकावं. खरं निवांत झोपलेलं मांजर कुशीवर पडतं, पाय सैल सोडतं, पोट दाखवतं. ताणातलं मांजर झोपल्याचा आव आणतं: चारही पंजे पोटाखाली घट्ट दाबलेले, मान खांद्यांत ओढलेली, डोळे अर्धवट मिटलेले, पण कान मात्र प्रत्येक आवाजाकडे वळत असतात. कान बाजूला पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या उजेड असतानाही मोठ्या दिसणं, शेपूट अंगाभोवती आवळणं, पाठीची कातडी थरथरणं, या खुणा एकेकट्या फारसं सांगत नाहीत. दोन-तीन एकत्र दिसल्या तर लक्ष द्यावं. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात कान, डोळे, नाका-तोंडाभोवतालचा ताठपणा, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाचच गोष्टी पाहतात. थोड्या सरावाने घरच्या माणसालाही ते जमतं. आणि घुरघुरणारं मांजर सुखातच आहे असं धरू नये. वेणा देणारी, जखमी, आजारी मांजरंही घुरघुरतात.

आता पलंगावरच्या शूबद्दल थोडं सविस्तर, कारण मांजर घराबाहेर काढलं जाण्याचं हे मोठं कारण आहे आणि यात मांजराचा दोष जवळजवळ कधीच नसतो. लघवीचा त्रास घेऊन येणाऱ्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत ना जंतुसंसर्ग सापडतो ना खडा. मूत्राशयाचा दाह मात्र असतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्याने या कोड्यावर अनेक वर्षं काम केलं. त्याला दिसलं की दुखणं मूत्राशयापुरतं नाही. या मांजरांची ताणाला उत्तर देणारी सगळी यंत्रणाच हळवी झालेली असते. त्याच्या गटाने २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. खाण्याची वेळ चुकली, रोजचा सांभाळणारा माणूस बदलला, रोजचं खेळणं-बोलणं झालं नाही, एवढ्यानेच मांजरं उलट्या करू लागली, खायची थांबली, ट्रेच्या बाहेर शी-शू करू लागली. आजारी मांजरांत हे झालंच, पण पूर्ण निरोगी मांजरांतही झालं. आणि ज्यांच्या घरात जागा, लपण, खेळ, नियमितपणा यांची नीट व्यवस्था लावून दिली, त्यांच्यातल्या बऱ्याच मांजरांचा मूत्राशयाचा त्रास कमी झाला.

म्हणजे पाहुणे आले, आई चार दिवस गावाला गेली, कामाला येणाऱ्या बाई बदलल्या, घराला रंग दिला, या सगळ्या आपल्या लेखी किरकोळ घटना मांजराच्या मूत्राशयापर्यंत पोहोचतात. पलंगावर शू होते कारण लघवीला जळजळतं, ट्रेची जागा आणि ते दुखणं मांजराच्या मनात एकत्र जोडलं जातं, आणि मऊ, घरच्या माणसाचा वास असलेली जागा त्याला सुरक्षित वाटते. त्यावर मारलं, नाक घासलं, बाथरूममध्ये कोंडलं, की ताण वाढतो आणि दुखणंही.

इथे एक सूचना ठळकपणे ध्यानात ठेवा. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसत असेल, कुंथत असेल, ओरडत असेल आणि लघवी थेंबथेंब येत असेल किंवा येतच नसेल, तर त्याची मूत्रनलिका अडली असण्याची शक्यता आहे. बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबू नका. ही तातडीची स्थिती आहे, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तसंच मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही, विशेषतः जाड मांजराने, तर यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजरही थेट डॉक्टरांकडे न्यावं. कुत्रा धापा टाकतो तेव्हा अंग थंड करत असतो. मांजर एरवी तसं करत नाही.

ताणाचं निदान करण्याआधी शरीर तपासून घेणं का आवश्यक, याचं एक उदाहरण फार बोलकं आहे. पोटावरचे, मांड्यांवरचे केस चाटून चाटून काढणाऱ्या मांजरांना पूर्वी सर्रास ‘मानसिक’ ठरवत. २००६ मध्ये अशाच समजुतीने पाठवलेल्या २१ मांजरांची नीट तपासणी झाली तेव्हा १६ मांजरांत मूळ कारण त्वचेचं किंवा ॲलर्जीचं निघालं. ताण हे नाव द्यायला सोपं आहे, म्हणूनच ते शेवटी द्यावं.

मांजरासाठी घरात काय करायचं, हे फार खर्चाचं नाही. हॉलंडमधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला एकेक खोकं दिलं, ९ जणांना दिलं नाही. खोकंवाली मांजरं तीन-चार दिवसांतच लक्षणीय निवांत झाली. बाकीच्यांना बराच जास्त वेळ लागला. किराणा दुकानातलं पुठ्ठ्याचं खोकं, त्याला दोन भोकं म्हणजे दोन वाटा, आत घरातली जुनी सुती साडी, एवढं पुरतं. आणि त्या खोक्यातून मांजराला कोणी, अगदी लाडाने सुद्धा, ओढून बाहेर काढायचं नाही. हा नियम मुलांना शिकवावा, पाहुण्यांनाही सांगावा. कपाटावरची एक जागा रिकामी करून तिथे चढायला वाट ठेवावी. उंचीवरून मांजराला घर दिसतं आणि घराला मांजर गाठता येत नाही. मांजरं जितकी, त्यापेक्षा ट्रे एक जास्त, हा पशुवैद्यांचा सर्वमान्य सल्ला आहे. सगळे ट्रे एका ओळीत मांडले तर मांजराच्या दृष्टीने तो एकच ट्रे होतो, म्हणून ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत हवेत, वॉशिंग मशिनपासून लांब आणि खाण्याच्या वाटीपासूनही लांब.

दोन मांजरं असलेल्या घरात भांडण बहुतेक वेळा दिसत नाही. एक मांजर पॅसेजच्या तोंडाशी नुसतं बसतं, दुसऱ्याकडे रोखून पाहतं, आणि दुसरं पाण्याला जायचं टाळतं. घरचे म्हणतात, दोघं छान राहतात. वाट्या, पाणी, ट्रे, झोपायच्या जागा घराच्या दोन टोकांना वाटून दिल्या की दुसऱ्या मांजराला कोणाच्या परवानगीवाचून जगता येतं.

डॉक्टरांकडे नेणं हा मांजराच्या आयुष्यातला मोठा धक्का असतो आणि तो आपणच वाढवतो. कॅरियर एरवी माळ्यावर असतो, तो खाली आला की मांजर गायब होतं. तो कायम जमिनीवर, दार उघडं, आत चादर, असा फर्निचरसारखा राहू द्या. तिथेच अधूनमधून खाऊ द्या. स्कूटरवरून नेताना वरून कापड झाका आणि कॅरियर पायांपाशी डुगडुगत ठेवण्यापेक्षा मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवर घट्ट धरून न्या. दवाखान्यात तो जमिनीवर, कुत्र्यांच्या नाकासमोर ठेवू नका. फार घाबरणाऱ्या मांजरासाठी जायच्या आधी देण्याची सौम्य औषधं हल्ली पशुवैद्य लिहून देतात, ती विचारून घ्या. माणसांच्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. तो किमान पंधरा हजार वर्षं माणसाच्या सोबत आहे आणि सतत आपल्याकडे पाहून बोलत असतो. अडचण अशी की आपण त्याचं बोलणं शेवटच्या शब्दापासून ऐकतो. चावला, की दखल घेतो. त्याच्या आधी त्याने मान वळवलेली असते, भूक नसताना ओठ चाटलेले असतात, झोप नसताना जांभई दिलेली असते, पुढचा एक पाय उचललेला असतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं पाहिलेलं असतं, मग अंग ताठ केलेलं असतं, मग गुरगुरलेला असतो. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरीद रुगोस यांनी यातल्या सुरुवातीच्या खुणांकडे जगाचं लक्ष वेधलं. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी त्या पायऱ्यांच्या रूपात मांडल्या. खालच्या पायरीवर ऐकलं नाही की कुत्रा वरच्या पायरीवर जातो.

म्हणून गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नये. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली की भीती तशीच राहते, सूचना तेवढी जाते, आणि मग ‘काही कारण नसताना चावला’ असा कुत्रा तयार होतो. लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतं तेव्हा मुलाचं हसू बाजूला ठेवून कुत्र्याचा चेहरा पाहा. तोंड घट्ट मिटलेलं, मान फिरवलेली, कान मागे पडलेले असतील, तर त्या फोटोत कुत्रा नको म्हणतो आहे.

शेपूट हलवणं म्हणजे आनंद, हेही पूर्ण खरं नाही. इटलीतल्या बारी विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरचा माणूस दिसल्यावर कुत्र्यांचं शेपूट त्यांच्या उजव्या बाजूकडे जास्त हललं, तर अनोळखी, वरचढ कुत्रा दिसल्यावर डावीकडे. रोजच्या व्यवहारात एवढं बारीक पाहणं जमणार नाही. पण उंच, ताठ धरून वेगाने थरथरणारं शेपूट आणि कमरेपासून सगळं अंग हलवणारं शेपूट यांतला फरक कोणालाही दिसतो.

अपराधी चेहऱ्याचंही तसंच. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड महाविद्यालयातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवलं की कान पाडून, नजर चुकवून बसणं हे कुत्र्याने चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हतं. घरचा माणूस रागावला की तो चेहरा यायचा, आणि काहीही न केलेल्या कुत्र्यावर रागावलं तरी यायचाच. ‘बघा, त्याला कळतंय काय केलं ते’ असं म्हणत आपण ज्याला शिक्षा करतो, तो बहुतेक वेळा आपल्या आवाजाला घाबरलेला असतो. घरी एकटा राहिल्यावर दार कुरतडणारा, रडणारा, लाळेने फरशी ओली करणारा कुत्रा याच गैरसमजाचा बळी ठरतो. टाळेबंदीत घरात आलेल्या पिल्लांना माणसांशिवायचं घर माहीतच नव्हतं. ऑफिसं उघडली आणि दिवसाचे दहा तास एकदम रिकामे झाले. तुम्ही बाहेर पडल्यावर काय होतं हे पाहायला जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा. नासधूस पहिल्या अर्ध्या तासात, दाराभोवती होत असेल, तर ते बहुधा एकटेपणाचं भय आहे. त्याला अगदी मिनिटा-मिनिटाने वाढवत एकटं राहायला शिकवावं लागतं. आवश्यक तिथे औषधही लागतं, आणि त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

शिकवण्याच्या पद्धतीचा प्रश्न इथेच येतो. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. पट्ट्याला हिसडे, ओरडणं, झटक्याचे पट्टे अशा शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतले कुत्रे प्रशिक्षणाच्या वेळी जास्त ताणात दिसले, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल नंतर जास्त वाढलं, आणि एरवीही नव्या गोष्टीकडून वाईटाचीच अपेक्षा करण्याकडे त्यांचा कल दिसला. आपल्या बाजारात गळा आवळणारी साखळी सहज मिळते आणि बरेच प्रशिक्षक ती पहिल्या दिवशी आणायला सांगतात. असा प्रशिक्षक बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरातल्या माणसांचा ताणही कुत्र्यापर्यंत जातो. स्वीडनमधल्या लिंशपिंग विद्यापीठाने २०१९ मध्ये ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणी यांच्या केसांतलं कॉर्टिसोल मोजलं. केसांत महिनोन् महिन्यांचा हिशेब साठलेला असतो. दोघांची पातळी बरोबरीने वर-खाली होताना आढळली. हे कुत्रे मेंढपाळीच्या जातींचे होते, माणसाच्या प्रत्येक इशाऱ्यावर नजर ठेवणारे. सगळ्या जातींना हे तेवढंच लागू होईल असं म्हणता येत नाही.

आता दिवाळी. कुत्र्याला साधारण ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० हजारांच्याही वर, आपल्याला जास्तीत जास्त २० हजार. भारतातला नियम फटाक्याला चार मीटर अंतरावर १२५ डेसिबल मुभा देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० हीच वेळ ठरवून दिली. ती किती पाळली जाते हे प्रत्येक सोसायटीत ठाऊक आहे. आवाजाइतकाच वाईट असतो तो त्याचा बेभरवसा. पुढचा बार केव्हा वाजेल हे प्राण्याला कळत नाही आणि तो थांबवणं त्याच्या हातात नसतं. झटक्यांच्या प्रयोगातल्या, काहीही केलं तरी सुटका नसलेल्या कुत्र्यांसारखी त्याची अवस्था होते.

तयारी आधी करावी लागते. गणपती उठले की सुरू करा, कारण ढोल-ताशांतून कुत्रा आवाजाला कितपत घाबरतो हे तुम्हाला तोवर कळलेलं असतं. फटाक्यांचं रेकॉर्डिंग इतक्या हळू लावा की कुत्रा फक्त कान टवकारेल, आणि त्याच वेळी त्याच्या सर्वांत आवडीचं खाणं द्या. अनेक दिवसांत आवाज थोडाथोडा वाढवा. तो घाबरला, की तुम्ही घाई केली आहे, मागे या. प्रत्यक्ष दिवाळीत बार वाजला की लगेच खाऊ किंवा खेळ, हीच युक्ती चालते. बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांच्या पाहणीत ती करून पाहणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना गुण आला. संध्याकाळचं फिरणं अंधार पडण्याआधी उरका. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, जाड पडदे ओढून, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. कुत्रा बाथरूममध्ये किंवा पलंगाखाली जाऊन बसला तर तिथेच बसू द्या, पाणी तिथे नेऊन ठेवा. जवळ घेतल्याने भीती वाढते असा समज पसरला आहे. भीती ही भावना आहे, ती माया मिळाल्याने बळावत नाही. तो जवळ आला तर घ्या, दूर गेला तर जाऊ द्या. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा, कारण बिथरून पळालेले कुत्रे शोधण्याचे निरोप दरवर्षी त्याच आठवड्यात फिरत असतात. ज्याची भीती टोकाची आहे त्याच्यासाठी डॉक्टरांना महिनाभर आधी भेटा. नुसतं अंग गळवणारं आणि आतली भीती तशीच ठेवणारं औषधही असतं, म्हणून ‘झोपेची गोळी’ न मागता ‘भीतीचं औषध’ मागा.

वयस्क कुत्रा अचानक आवाजांना घाबरू लागला तर त्याचे सांधे तपासून घ्या. लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात असं दिसलं की ज्या कुत्र्यांना हाडा-स्नायूंचं दुखणं होतं, त्यांची आवाजाची भीती उतारवयात सुरू झाली होती. दचकलं की अंग आखडतं, आखडलं की दुखतं, आणि दोष आवाजाच्या माथी जातो.

रोजच्या दिवसांत कुत्र्याला देण्यासारखी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वास घेण्याची मुभा. सकाळी घाईघाईत, मोबाइलवर बोलत, पट्टा ओढत केलेली फेरी पायांना व्यायाम देते. खांबापाशी, झुडपापाशी तो थांबेल तेवढं थांबणं त्याच्या मेंदूला काम देतं. दररोज नाकाने शोधण्याचा खेळ खेळलेले कुत्रे दोन आठवड्यांत नव्या गोष्टीकडे जास्त आशेने पाहू लागले, असं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. कोणत्या वळणावर जायचं, कुठे थांबायचं, हे एका फेरीपुरतं तरी त्याला ठरवू द्या.

आणि साखळी. बंगल्यांच्या फाटकाशी, शेतघरांवर, गोठ्यांच्या दारात जन्मभर चार फुटांच्या साखळीला बांधलेले कुत्रे आपल्याकडे इतके आहेत की ते डोळ्यांना खुपेनासे झाले आहेत. अशा कुत्र्याला पळता येत नाही, लपता येत नाही, लढाही अपुरा राहतो. उरतं ते दिवसभर भुंकणं, जागच्या जागी गोल फिरणं, आणि शेवटी गप्प पडणं. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधणं आणि नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, या दोन्ही गोष्टी कलम ११ मध्ये क्रूरता म्हणून नोंदवल्या आहेत. तुमच्या ओळखीत, शेजारात, गावच्या घरी असा कुत्रा असेल, तर त्याच्या मालकाशी बोला. ऐकलं नाही तर पुन्हा बोला, आणि फिरवायला कोणी नसेल तर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तुम्ही न्या.